किल्लीइतक्या वजनाचे खडे

१

ही गोष्ट १९६७ सालची. रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं. ह्यांनी गळ्यातली पिशवी काढून तिचं तोंड मोकळं केलं, आणि टेबलावर किल्लीऐवजी खडे पडले.

ह्यांनी पिशवी उलटी करून पुन्हा झटकली. थोडी वाळू पडली. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "संपलं."

आम्ही दोघं तेव्हा परदेशात एकाच शाळेत शिकवत होतो. हे गणित शिकवायचे, मी शिवण. ह्यांच्या अंगात गणित इतकं मुरलं होतं, की शाळेत सगळे ह्यांना पाठीमागे 'काटकोन' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि मनातून पटतही होतं. वाकणं म्हणून ह्यांना माहीत नव्हतं. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी ह्यांना परीक्षाप्रमुख केलं. सगळ्या प्रश्नपत्रिका ह्यांच्या नजरेखालून जायच्या, ह्यांची सही व्हायची, मग पाकिटं लाख लावून लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली परीक्षा संपेपर्यंत प्रमुखाच्या अंगावरून हलता कामा नये, असा नियम. म्हणून मी जाड कापडाची, आत कापूस भरलेली पिशवी शिवून दिली होती. ही बोटभर लांबीची लोखंडी किल्ली छातीला टोचू नये, एवढाच माझा हेतू.

परीक्षा सोमवारी सुरू होणार होती. आधीचे दोन दिवस सुट्टी. समोरच्या बेटावर एक लहानसा बंगला भाड्याने मिळत होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समुद्राकडे तोंड असलेली पडवी. जाऊ की नको असं हे करत होते. पण सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "किल्ली काय बेटाला घाबरते? चल."

आमच्याबरोबर शाळेतली आणखी तिघं मराठी माणसं होती. चित्रकलेच्या बाई, माझ्याहून मोठ्या, लग्न न केलेल्या, जिभेला धार. खेळाचे मास्तर, उंच, मोठ्याने हसणारे. आणि विज्ञानाचे मास्तर, नोकरीला अजून वर्ष न झालेले, कोवळे. त्यांची प्रयोगशाळा माझ्या शिवणवर्गाच्या भिंतीपलीकडे होती. तराजूचा तास असला की त्यांचा आवाज मला यायचा, "मोठं वजन आधी, लहान नंतर. घाई करायची नाही. काटा मधोमध आल्याशिवाय वहीला हात लावायचा नाही." मुलं ते गाण्यासारखं म्हणायची.

त्या बंगल्यात आम्हा सहाजणांखेरीज कुणी नव्हतं. नोकर नव्हता, शेजार नव्हता.

"किल्ली नसेल तर कपाट फोडावं लागेल," ह्यांनी सांगितलं. "फोडलं की आतली पाकिटं बाद. मुख्याध्यापकांकडे राखीव संच असतो, तो आठवड्याने वापरतील. आणि प्रमुखाला घरी पाठवतील."

घरी म्हणजे आपल्या देशात. नोकरी गेली की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, असा करारच होता. मी चहाचं आधण उतरवलं, कारण तेवढंच माझ्या हातात होतं.

सासूबाई पडवीतून आत आल्या. खडे पाहिले, मुलाचा चेहरा पाहिला.

"दुपारची लाँच किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"तीनला."

"मग चहा पिऊ. पुष्कळ वेळ आहे."

२

सासूबाईंनी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. वर्गात पेन्सिल हरवली, तर त्या दप्तरं कधी तपासायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की दप्तर तपासलं की पेन्सिल सापडते आणि पोर हरवतं.

"आई, मी सगळ्यांचं सामान उघडायला लावतो," हे म्हणाले.

"खबरदार. पाहुण्यांना पाटीवर चोर लिहून उभं करणार का? मला सांग, काल ही पिशवी तुझ्या अंगावरून कधी उतरली?"

ह्यांनी मान खाली घातली. "दुपारी. समुद्रात उतरलो तेव्हा. खाऱ्या पाण्याने किल्लीला गंज चढला असता, म्हणून उशीखाली ठेवली. संध्याकाळी येऊन गळ्यात घातली."

"उघडून पाहिलीस?"

"हाताने चाचपली. वजन तेवढंच लागलं."

"हं. आणि आज उघडताना गाठ कशी होती?"

हे गोंधळले. "गाठ? एका झटक्यात सुटली. आता लक्षात येतंय. माझी गाठ तर नखांनी सोडवावी लागते."

एका झटक्यात सुटणारी, पण ओढली की घट्ट बसणारी सपाट गाठ मी परवापर्यंत पाहिली नव्हती. काल लाँचमध्ये खेळाच्या मास्तरांनी दाखवली होती.

मी तसं म्हणताच सासूबाईंनी मला तांदळाचं ताट आणायला सांगितलं. ताट मांडीवर घेऊन त्या पडवीत बसल्या, खडे निवडू लागल्या आणि खेळाच्या मास्तरांना हाक मारली.

मास्तर ओल्या केसांनी आले. किल्लीची बातमी ऐकून त्यांचं हसू पार विरलं.

"आई, माझ्यावर संशय आहे?"

"अजून कुणावरच नाही. काल दुपारी तुम्ही घरी आला होता का?"

"आलो होतो ना. चेंडू न्यायला. आलो, चेंडू घेतला, पळालो. वहिनींनी पाहिलं असेल."

"मी किनाऱ्यावर होते," मी म्हटलं.

"मग झालंच! आता मला वाचवायला चेंडूच साक्षीला बोलवा."

"ती तुमची गाठ. कुणाकुणाला येते?"

"लाँचमध्ये सगळ्यांना शिकवली की! तुम्ही सुद्धा बांधून दाखवलीत. सरांना तेवढी जमली नाही. दहादा बांधली, दहादा सुटली. ते म्हणाले, ही गाठ तत्त्वातच चुकीची आहे."

सासूबाईंना हसू आलं. हे मात्र आतल्या खोलीतून खाकरले.

मास्तर गेले, आणि त्याच वेळी आतून चित्रकलेच्या बाईंचा चढलेला आवाज आला. "कुणी केलं हे? आधी मला ते सांगा!"

३

बाई हातात लाकडी पट्टी नाचवतच पडवीत आल्या.

"ही बघा! मी शिकत होते तेव्हापासूनची पट्टी. माझ्या गुरुजींनी दिलेली. हिच्या ऐन मध्यावर कुणीतरी चाकूने खाच पाडलीय. हे त्या खेळवाल्याचं काम. त्याला हात लावल्याशिवाय कुठलीही वस्तू दिसत नाही."

"कधी पाहिलीत खाच?" सासूबाईंनी पट्टी हातात घेतली.

"काल संध्याकाळी. पण म्हटलं, आनंदाला आलोय, भांडण नको. आता किल्लीचं ऐकलं आणि वाटलं, या घरात काय चाललंय तरी काय!"

"काल दुपारी पट्टी कुठे होती?"

"पडवीत, माझ्या रंगांपाशी. मी किनाऱ्यावर खडक रंगवत होते. निळा संपला म्हणून मध्ये एकदा आले, नळी घेतली आणि गेले."

"पट्टी तेव्हा होती?"

बाई थांबल्या. "आई, खरं सांगू? मला निळा दिसत होता, बाकी काही नाही. पट्टी नसली तरी कळलं नसतं."

"घरात कुणी होतं?"

"विज्ञानाचे मास्तर चष्मा पुसत दारात उभे होते. चष्म्यावर खारं पाणी उडालं म्हणत होते." मग त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे मीही दुपारी इथे येऊन गेले, असंच ना? आणि पट्टीही माझीच. घ्या. तुमच्या सुनेने पिशवी शिवली, खेळवाल्याने गाठ शिकवली, आता माझी पट्टी. एकेकाचा एकेक वाटा निघतोय."

"चहा घ्या आणखी," सासूबाई म्हणाल्या. "पट्टी मात्र ठेवून जा माझ्यापाशी."

बाई आत गेल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे दोरा मागितला. शिवणाचा दोरा माझ्या पिशवीत कायम असे. त्यांनी तो पट्टीच्या खाचेत बांधला आणि पट्टी उचलली. ती हवेत आडवी राहिली, जराही कलली नाही.

"अगं, हे बघ," त्या म्हणाल्या. "हा तर तराजू."

४

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. सासूबाईंनी दार लोटलं, पिशवीतले खडे ओट्यावर एका ओळीत मांडले. एक चपटा काळा दगड. मग त्याहून लहान दोन. मग नखाएवढे खडे. मग शिंपल्यांचे तुकडे. आणि शेवटी ती वाळू, त्यांनी कागदावर जपून गोळा केलेली.

"तुला कुणाला फसवायचं असतं, तर काय केलं असतंस?"

"एक दगड घातला असता."

"मीही. आणि बाकीच्यांनी?"

त्याच बोलू लागल्या. "खेळाच्या मास्तरांनी हातात किल्ली, दुसऱ्या हातात दगड घेऊन अंदाज केला असता. गोळा उचलून त्याचं वजन सांगणारा माणूस तो, त्याला पट्टी कशाला हवी? चित्रकलेच्या बाईंनी वजनाचा विचारच केला नसता. त्यांनी किल्लीच्या आकाराची काटकी शोधली असती, आणि ती सुद्धा सुबक. शिवाय स्वतःच्या पट्टीला त्या चाकू लावतील? एक वेळ बोट कापून घेतील."

"मग?"

"माणूस चोरीसुद्धा आपापल्या विषयात करतो गं. या ओळीकडे बघ. मोठा, मग लहान, मग त्याहून लहान. हा कुणीतरी दगडावर थांबला नाही. शिंपल्यावर थांबला नाही. वाळूचे कण घालत बसला. एवढं कुणी का करेल? मला नाही उमजत. आपल्या वर्गात मी पाढे घेतले, वजनं नाही घेतली."

मला मात्र उमजलं. भिंतीपलीकडचा तो आवाज कानात आला. मोठं आधी, लहान नंतर, काटा मधोमध आल्याशिवाय थांबायचं नाही. मी सासूबाईंना तो तास जसाच्या तसा म्हणून दाखवला.

त्यांनी वाळूचा कागद जपून दुमडला.

"तो पोरगा?" मग म्हणाल्या. "काल जेवताना दोन घास खाल्ले त्याने. मला वाटलं, लाँच लागली."

"पण त्याला किल्ली कशाला हवी? प्रश्नपत्रिका चोरून तो काय करणार? त्याचा पेपर त्यानेच काढलाय."

"तेच त्याला विचारू. तुझ्या नवऱ्याला आत्ता काही बोलू नकोस. तो सरळ रेघेत जाईल आणि मध्ये पोरगा आला तरी थांबणार नाही."

५

धक्क्याच्या टोकाला विज्ञानाचे मास्तर एकटेच बसले होते. पाय पाण्याकडे सोडलेले. वारा गार होता, तरी अंगात नुसता सदरा. आम्हाला पाहून ते उठले.

"बस बाळ," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्याशेजारी, या वयात, पाय सोडून बसल्या. मी मागे उभी राहिले.

"मला एक शंका आहे. तू विज्ञान शिकवतोस म्हणून विचारते. शेवटची ती वाळू घातली नसतीस, तर चाललं नसतं का?"

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. मला वाटलं, आता 'कसली वाळू' म्हणतील. पण ते म्हणाले,

"नसतं चाललं. किल्लीची बाजू जड राहत होती."

आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागले.

सासूबाईंनी रडू दिलं. पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हळूहळू सगळं बाहेर आलं.

शनिवारी सकाळी मास्तर आंघोळीला बसले. बादलीत कढत पाणी होतं, त्यात गार पाण्याचं विसण घातलं. हात घालून पाहताना त्यांना आपल्याच प्रश्नपत्रिकेतलं गणित आठवलं. साठ अंशांचं गरम पाणी, वीस अंशांचं गार, दोन्ही मिसळलं की सत्तर अंश होतं, तर गार पाणी किती घातलं ते काढा. सक्तीचा प्रश्न. त्याशिवाय पुढचे तीन सुटत नव्हते.

"सत्तर!" मास्तर हुंदका देत म्हणाले. "आई, कढत पाण्यात गार घालून ते आणखी कढत होतं का कधी? मला चाळीस लिहायचं होतं. मुलं तासभर डोकं फोडतील. हुशार मुलं जास्त फोडतील. मार्चमध्ये एकदा माझी चूक झाली होती. मुख्याध्यापक म्हणाले होते, आता आणखी एक आणि तुम्ही मोकळे. माझं लग्न ठरलंय. तिकडे सासरे सगळ्यांना सांगत सुटलेत, जावई परदेशात कायम झाला म्हणून."

"मग सरांना सांगायचं."

"सरांना?" ते सासूबाईंकडे असे पाहू लागले, की मलाच कसंतरी झालं. "ते लगेच लिहून वर पाठवतील. त्यात त्यांचं चुकणारही नाही. मी विचार केला, किल्ली गेली तर राखीव संच येईल. त्यातला पेपर माझा नाही, जुन्या मास्तरांचा आहे. दुपारी चष्म्याचं निमित्त करून आलो. सरांना वजनातला फरक लगेच कळेल म्हणून..."

"म्हणून वाळूपर्यंत गेलास. आणि सरांची नोकरी जाईल, हे?"

"ते मला काल रात्री जेवताना कळलं. सरच गमतीने म्हणाले, ही हरवली तर मी गेलो. तेव्हापासून घास उतरला नाही. परत ठेवायची, तर पिशवी त्यांच्या गळ्यात."

"एवढा समुद्र समोर आहे," सासूबाई म्हणाल्या. "टाकली का नाहीस?"

"हात होईना."

"कुठे आहे?"

मास्तर खोलीत गेले आणि रुंद तोंडाची खोबरेल तेलाची बरणी घेऊन आले. गारठ्याने तेल थिजून पांढरंशुभ्र झालं होतं. बोटाने उकरलं तेव्हा आत किल्ली दिसली.

"खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं," मास्तर पुटपुटले. "म्हणून तेलात ठेवली."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस? गंजू नये म्हणून. म्हणजे ही परतच यायची होती."

तेवढ्यात मागे पावलं वाजली. हे धक्क्यावर आले होते आणि बरणीकडे पाहत होते.

६

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मला हे कळवावं लागेल. दोन्ही गोष्टी. पेपर आणि किल्ली."

"हो सर," मास्तर म्हणाले.

"कळव ना," सासूबाई म्हणाल्या. "पण सगळं कळव. तो पेपर पाकिटात गेला, त्याआधी कुणी वाचला होता?"

ह्यांची नजर बरणीवरून पाण्याकडे गेली.

"सही कुणाची आहे त्यावर?"

"माझी."

"साठ आणि वीसचे सत्तर तू वाचलेस?"

"वाचले." ह्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला. "शुद्धलेखन पाहिलं. गुणांची बेरीज पाहिली. बेरीज बरोबर होती."

खेळाचे मास्तर असते तर हसले असते. आम्ही कुणी हसलो नाही.

हे किनाऱ्याने चालत दूर गेले. मी त्यांच्यामागे निघाले, तर सासूबाईंनी हात धरला. "जाऊ दे. त्याला स्वतःशी बोलायची सवय नाही, वेळ लागेल." विज्ञानाचे मास्तर तिथेच उभे राहिले, बरणी हातात घेऊन. त्यांचं सगळं आयुष्य त्या वाळूवरून चालत लांब गेलेल्या माणसाच्या हाती होतं, आणि तो माणूस माझा नवरा होता. मी त्याला चांगली ओळखत होते, म्हणूनच मला भीती वाटत होती.

लाँच धक्क्याला लागली तेव्हा हे परत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"परीक्षेच्या सभागृहात दुरुस्ती वाचून दाखवता येते," ते म्हणाले. "तसा नियम आहे. सत्तरऐवजी चाळीस. मुख्याध्यापकांना मी सकाळी सांगेन, की चूक माझ्या सहीखाली गेली आहे. तपासणं माझं काम होतं, ते झालं नाही. ते जे करतील ते माझ्या बाबतीत करतील."

"पण सर, चूक मी—"

"तुम्ही केलीत. मी पास केली. पास करणारा मोठा असतो." मग जरा थांबून, "आणि मास्तर, पुन्हा असं काही झालं तर माझ्या दाराशी या. मी दार उघडीन."

"आणि किल्लीचं काय कळवायचं?" मी विचारलं.

ह्यांनी बरणीतून किल्ली काढली, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसली आणि पिशवीत घातली. "किल्लीचं काय? ती आहे की."

खेळाचे मास्तर आणि चित्रकलेच्या बाई सामान घेऊन येत होते. सासूबाईंनी त्यांना एवढंच सांगितलं, की किल्ली सापडली आणि पट्टी नवी मिळेल. बाई म्हणाल्या, "नवी नको. खाच पडलेली माझीच द्या." खेळाच्या मास्तरांनी कुणाकडे न पाहता विज्ञानाच्या मास्तरांची पेटी उचलली. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजवर माहीत नाही.

परतीच्या वाटेवर वारा पडला होता. लाँचमध्ये सगळे दमून बसलो होतो. सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या.

७

सोमवारी कपाट तेलकट किल्लीने कुरकुर न करता उघडलं. मुख्याध्यापकांनी ह्यांना आवाज चढवून सुनावलं आणि पुढच्या वर्षी परीक्षाप्रमुखपद काढून घेतलं. नोकरी राहिली. ह्यांना ते पद गेल्याचं वाईट वाटलं असेल, पण त्या वर्षी ते पहिल्यांदा माझ्याबरोबर संध्याकाळी फिरायला येऊ लागले. पुढे आम्ही तिथे आणखी अकरा वर्षं काढली, मुलगी तिथेच झाली. हे जाऊन आता सहा वर्षं झाली.

चित्रकलेच्या बाईंनी त्या बेटावरचा खडक पुरा केला. निळा जास्त झालाय असं त्यांनाच वाटे. निवृत्त होऊन त्या बहिणीकडे राहिल्या आणि म्हातारपणी फार प्रेमळ झाल्या, असं बहीण म्हणते. माझा त्यावर विश्वास नाही.

खेळाचे मास्तर तिथेच कायमचे राहिले. त्यांच्या हाताखालची एक मुलगी मोठ्या शर्यतीत धावली. गुडघे गेल्यावर ते खुर्चीत बसून मुलांना गाठी शिकवत.

विज्ञानाच्या मास्तरांचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. पंधरा वर्षांनी ते स्वतः परीक्षाप्रमुख झाले. पाकिटांना लाख लावण्याच्या आदल्या दिवशी ते खोलीचं दार उघडं टाकून बसत. कुणीही यावं, आपली चूक सांगावी, दुरुस्त करावी, कुणी काही विचारणार नाही. पहिल्या वर्षी कुणीच आलं नाही, मग एकेक जण येऊ लागला. आता तेही आजोबा झालेत. ही गोष्ट लिहायला त्यांनीच मला परवानगी दिली, आणि म्हणाले, आकडे बदलू नका.

सासूबाई तीन महिने संपल्यावर घरी परतल्या आणि पुढे पुष्कळ जगल्या. आमच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यांनी परदेशाच्या नाना गोष्टी सांगितल्या. दुकानं, रस्ते, थंडी, सगळं. बेटाबद्दल कुणी विचारलं, तर मात्र एवढंच म्हणायच्या, "वारा फार होता. बरोबरची मुलं गुणी होती."